लुगडे नेसून अग्निबाणात

पृथ्वीपासून अंतराळ किती दूर आहे, याविषयी पुस्तकांत निरनिराळे आकडे सापडतात. घाटंजीहून ते एस.टी.ने दीड तासावर आहे. मी स्वतः जाऊन आलो आहे. कोणास हे खोडून काढायचे असल्यास त्याने ते लेखी खोडावे.

ज्या वाचकांना मी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की घाटंजीच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली चाळीस वर्षे बसून मी लोकांचे अर्ज लिहिले. त्यांतले निम्म्याहून अधिक धुऱ्यांचे होते. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शेजारी तो दरसाल नांगराच्या एका तासाने, म्हणजे एका सरीने, सरकवतो आणि तिसऱ्या पिढीला माझ्यासमोर येऊन बसावे लागते. माझी रागीट म्हणून ख्याती आहे. ती मी नाकारत नाही. राग आल्याखेरीज चांगला अर्ज लिहिता येत नाही.

ही हकिकत ज्या वर्षांतली आहे, त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचे नाव दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येत असे आणि प्रत्येक वेळी त्याच कारणासाठी: कुणा शेतकऱ्याने जीव दिला म्हणून. परगावचा माणूस यवतमाळात उतरला की आधी आमच्या डोळ्यांकडे पाही, पाणी आहे की नाही ते तपासायला. अशा एका वर्षी, दिवाळीनंतर, यवतमाळच्या बाहेरील मोठ्या मैदानावर ‘अंतराळ नगरी’ नावाचे एक फिरते करमणूक-प्रदर्शन आले. चालवणाऱ्या मंडळींचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण आपसात मिटले आहे. जाहिरातीच्या कागदावर तारांगण होते, चंद्रावरची जमीन होती आणि सर्वांत मोठ्या चित्रात ‘अग्निबाण’ होता: उंच लोखंडी खांब आणि त्याला वेढून वर चढणारी सोळा आसने.

तो कागद माझी थोरली बहीण गयाबाई, म्हणजे आमची अक्का, हातात घेऊन बराच वेळ बसली. अक्काला आता वाचता येत नाही. मी शाळेत जावे म्हणून ती तिसरीतून निघाली आणि कापूस वेचायला लागली. तेव्हापासून सत्तरीपर्यंत तिने जे पाहिले ते कमरेत वाकून, खाली पाहिले. कागद माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, “नाम्या, यात मले बसाचं हाये. वरून आपलं हे सारं कसं दिसते, एकडाव पाहू दे.”

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी त्याच दिवशी व्यवस्थापनास रजिस्टर पत्र पाठवले, पोचपावतीसह: वय वर्षे सत्तर असलेल्या स्त्रीस अग्निबाणात बसता येईल काय? आठव्या दिवशी छापील कागदावर उत्तर आले. ‘आमची अंतराळ नगरी सर्व वयोगटांतील कुटुंबीयांसाठी खुली आहे. आपले स्वागत आहे.’ खाली शिक्का. मी ते पत्र फायलीत लावले. कापसाचा पहिला वेचा आटोपला होता आणि दुसऱ्याला आठवडाभर वेळ होता. आम्ही निघालो.

पहिला दिवस : घाटंजी ते यवतमाळ

आम्ही तिघे होतो. मी, अक्का आणि शेवंताबाई. ही आमची शेजारीण; तीस वर्षे अक्काच्या बाजूच्या ओळीत कापूस वेचते आणि तेवढीच वर्षे तिच्याशी भांडते. अक्काच्या हातात भाकरी, झुणका आणि ठेच्याचे गाठोडे होते, माझ्या हातात फाईल.

“भाऊजी,” शेवंताबाई म्हणाल्या, “आमी पाळण्यात बसाले चाललो का कोर्टात?”

“जिथं तिकीट असते, तिथं कोर्टही असते,” मी म्हणालो.

“मंग तुमीच बसा बुवा तिथं. मी तं चंद्रावर जाईन.”

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी उभी होती. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. काही वावरे पांढरी होती, काही अळीने खाऊन काळी पडली होती. मी खिडकीतून पाहत विचार करत होतो. आपल्या देशाचे उपग्रह डोक्यावरून फिरतात. त्यांच्यामुळे घाटंजीच्या चहाटपरीत परदेशातला खेळ जसाच्या तसा दिसतो. पण बोंडातली अळी, अर्धे बोट लांबीची, ती कुणा यंत्राला वेळेवर दिसत नाही. या विषयावर मी दोन पत्रे पाठवली आहेत. उत्तर आलेले नाही. तथापि यंत्रांवर माझा राग नाही. ज्याने हे एवढे आभाळात नेऊन ठेवले, त्या माणसाच्या बुद्धीपुढे मी कडुलिंबाखाली बसूनही अनेकदा हात जोडले आहेत. राग आहे तो यंत्र कुणाकडे तोंड करून ठेवले आहे त्याचा.

पुढच्या आसनावर गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ होते. आम्ही कुठे चाललो हे ऐकून त्यांची मान वळली.

“आजोबा, कापसाची ही अवस्था. जिल्ह्यात एवढं संकट. आणि तुम्ही पाळण्यात बसायला चाललात?”

मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात अक्काच बोलली. “काहून? तुमच्या गावात पाऊस नाई आला तं तुमी हासणं बंद करता का?”

गृहस्थांनी अक्काचा फोटो काढू का म्हणून विचारले. ती म्हणाली, “काढा. पण मी रडनार नाई. रडाचा पायजे असन तं या शेवंताचा काढा, तिले लवकर जमते.” शेवंताबाईंनी तिला कोपराने असे ढोसले की गाठोड्यातला ठेचा माझ्या धोतरावर सांडला. प्रवासातली पहिली हानी ती.

करमणुकीविषयी माझे मत मी येथे एकदाचे नोंदवून ठेवतो. माझे वडील छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले. तोवर आमच्या माणसांना जत्रेत पाळणा होता, पण त्यात बसायला जागा नव्हती. पाळणा हाताने फिरवायला मात्र आमचीच माणसे लागत. परतल्यावर वडिलांनी पहिली गोष्ट केली ती ही की शेजारगावच्या जत्रेत अक्काला पाळण्यात बसवायला नेले. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला आणि ‘आज बंद’ म्हणाला. वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन पाळण्याभोवती सात चकरा मारल्या. मी लहान होतो. माझ्या लक्षात फक्त अक्काचे हवेतले पाय आहेत. त्यामुळे पाळणा ही क्षुल्लक वस्तू आहे, असे मला कुणी सांगू नये.

रात्री भाचीकडे मुक्काम केला. यवतमाळची माणसे जेवणानंतर लगेच झोपत नाहीत, ही त्यांची रीत मला मान्य नाही, पण पाहुण्याने तक्रार करू नये.

दुसरा दिवस : अंतराळ नगरी

प्रवेशद्वारावर अंतराळवीर उभा होता. चंदेरी पोशाख, पाठीवर पत्र्याचे डबे, काखेत हेल्मेट. चेहरा घामाने निथळत होता. “मामी, गाठोडं आत नेता येत नाई,” तो म्हणाला. “बाहेरचं खानं बंद हाये.”

नियम फलकावर लिहिलेला होता, म्हणजे नियम होता. मी दोघींना तिथेच, द्वाराच्या उंबऱ्याबाहेर, सावलीत बसवले. गाठोडे सोडले. भाकरीचा वास त्या पोशाखातही शिरला असावा, कारण थोड्याच वेळात अंतराळवीर आमच्याजवळ येऊन उकिडवा बसला. अक्काने न विचारता त्याच्या हातावर भाकरी ठेवली.

त्याचे नाव मोतीराम राठोड, बाभुळगावकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी. कपाशीवर अळी पडल्यावर दोन महिन्यांसाठी अंतराळात लागला होता. “याडी, ठेचा जबरी हाये,” तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. “कालपासून बिस्किटं खाऊन राह्यलो. अंतराळवीर हेच खाते म्हनते साहेब.”

“मंग तुमाले तिकडं पाठवलंच कायले?” शेवंताबाई म्हणाल्या. “आमच्यासारखीले पाठवाचं, भाकरी थापून.”

आधी तारांगण पाहिले. हवा भरलेला मोठा काळा फुगा. त्यात वाकून शिरायचे आणि सतरंजीवर आडवे व्हायचे. दिवे गेले आणि डोक्यावर तारे उमटले. मी हे कबूल करतो की माझ्या तोंडून आवाज निघाला. दुपारी बारा वाजता माणसाने पहाट करून दाखवावी, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. हा पराक्रम आहे. आत सांगणारे गृहस्थ काठीने दाखवीत होते, “हे सप्तर्षी, पहाटे ईशान्येला उगवताना.”

“ही तं बाज हाये,” अंधारातून अक्काचा आवाज आला. सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांच्या खाटेला आमच्याकडे बाज म्हणतात. “अन् उलटी लावली तुमी.”

“आजी, हे यंत्र आहे. यंत्र चुकत नाही.”

“बाजेच्या मांगं तीन चोर असते. बाज पुढं निंघते, चोर मांगून येते. तुमचे चोर तं पुढंच पळून राह्यले!”

लोक हसले. गृहस्थांनी यंत्राजवळ जाऊन ताऱ्यांची काच काढली आणि विजेरीच्या उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी ती काच उलटी करून बसवली. तीन तारे बाजेच्या मागे आले. “आजी, तीन महिन्यांत अकरा गावं झाली,” ते म्हणाले, “कुणी बोललं नाही.” ज्या बाईने पन्नास वर्षे त्या चोरांकडे पाहून वावरात जायची वेळ ठरवली, तिला शिकवायला ते तिकीट आकारत होते. सतरंजीवर टाळ्या वाजल्या. मी सर्वांत मोठ्याने वाजवल्या.

त्यानंतर अग्निबाण.

खालून पाहिल्यावर मान दुखावी इतका उंच. सोळा आसनांचे कडे तारेच्या दोराने वर खेचले जाई, टोकाला थांबे, सावकाश एक पूर्ण फेरी घेई आणि मग एका हिसक्यात खाली येई. रांगेच्या तोंडाशी ढोलाएवढा पंखा लावला होता. ‘अंतराळातील वारा’ म्हणून. अंतराळात वारा नसतो. याविषयीचे माझे पत्र स्वतंत्र आहे.

आमची पाळी आली, तशी टाय बांधलेले एक गृहस्थ आडवे आले. ते व्यवस्थापक होते. “मावशी, तुम्ही बाजूला व्हा. साडीवाल्या लेडीजना वर सोडत नाही. खाली फोटो काढा मस्त.”

अक्का एक पाऊल मागे सरली. त्या एका पावलाने माझे डोके फिरले, कारण ते पाऊल मी ओळखत होतो.

मी फाईल उघडली. “हे आपले पत्र. हा शिक्का. सर्व वयोगट. तिकीट आपण दिले, आम्ही घेतले. करार पूर्ण झाला. आता आपला नकार मला लेखी द्या.”

“लेखी कशाला काका, तोंडी सांगतोय ना.”

“तक्रार पुस्तक आणा.”

“तसं काही नाही आमच्याकडे.”

मी कागदांत कार्बन घालून तिथेच, त्या पंख्याच्या वाऱ्यात, गुडघ्यावर लिहायला बसलो. चाळीस वर्षांत एक गोष्ट शिकलो आहे: ज्याला नकार लेखी देता येत नाही, त्याचा नकार कच्चा असतो. व्यवस्थापक माझ्या लेखणीकडे पाहू लागले. आवाज खाली आणून म्हणाले, “काका, समजून घ्या. काही झालं तर उद्या पेपरात येईल. तुमच्या जिल्ह्याचं नाव आधीच...”

“आमच्या जिल्ह्याचं नाव,” मी उभा राहिलो, “आपण पूर्ण उच्चारा. आणि हेही सांगा की या जिल्ह्याच्या बाईने वर जाऊन खाली पाहिले, ही बातमी का होत नाही!”

व्यवस्थापकांनी मग फलकाकडे बोट केले. ‘सैल कपडे घालून बसण्यास सक्त मनाई.’ “तो दोर बघा. पदर अडकला तर काय होईल, तुम्हीच सांगा.”

मी दोराकडे पाहिले. कारण खरे होते. खऱ्या कारणापुढे मी कधी वाद घालत नाही. मी फाईल मिटली.

“सरक नाम्या,” अक्का म्हणाली. “शेवंते, ओटी काढ.”

शेवंताबाईंनी पिशवीतून वेचणीची ओटी काढली. ओटी म्हणजे कमरेला बांधायचे जाडे फडके, ज्यात वेचलेला कापूस भरतात. या दोघी ती लग्नालाही सोबत नेतील. अक्काने काष्टा वर ओढून घट्ट खोचला. पदर पाठीवरून फिरवून छातीशी आवळला, टोक कमरेत दाबले आणि शेवंताबाईंनी वरून ओटीचे दोन वेढे देऊन मागे गाठ मारली, गुडघा लावून.

“मेली, जीव घेतं का?” अक्का म्हणाली.

“वर जाऊन मर. खाली कायले मरतं?”

रांगेमागून चंदेरी मोतीराम पुढे आला. “साहेब, या बायका दिवसभर पऱ्हाटीत चालते. सुकल्या बोंडाची टोकं सुयांसारखी असते. हिचा पदर तिथं अडकत नाई, तुमच्या दोराची काय बिशाद!”

“तोंडी नको,” मी म्हणालो. “तपासणी करा. हा आपला वारा लावा.”

व्यवस्थापक हसले, पण त्यांनी पंखा पूर्ण सोडला. अक्का त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या अंगावरचा एक धागा हलला नाही. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या व्यवस्थापकांचा टाय मात्र सरळ वर उठला आणि फटकन त्यांच्या तोंडावर बसला. त्यांनी तो खाली ओढला. तो पुन्हा बसला.

“सैल कपडा आढळला आहे,” मी म्हणालो. “फलक वाचा.”

रांगेतून जो हशा उठला, तो मी अजून कानात सांभाळून ठेवला आहे. स्वतः व्यवस्थापकही हसत होते, टाय मुठीत धरून. “बसवा मावशीला,” ते म्हणाले. “पहिल्या नंबरच्या सीटवर बसवा!”

शेवंताबाईंनी दुसऱ्या ओटीने स्वतःला बांधून घेतले. दोघी बसल्या, आडवी दांडी पडली. मीही चढू लागलो, आणि मोतीरामने माझ्या छातीवर हात ठेवला. “काका, धोतर.”

माझे धोतर पंख्याच्या वाऱ्यात दोन्ही बाजूंनी फडफडत होते. नियम सर्वांना सारखा असतो. मी फाईल घेऊन खाली उतरलो.

कडे वर निघाले. अक्काचे पाय माझ्या डोक्यावरून गेले, हवेत, चपलांशिवाय. अंग आकसून घ्यायची तिची सवय. ती हळूहळू सुटत गेली, आणि टोकाला पोचल्यावर ती दांडी सोडून, मान वळवून, चौफेर पाहत होती. शेवंताबाईंचे ओरडणे मैदानभर ऐकू येत होते.

खाली आल्यावर मी विचारले, “काय दिसलं?”

तिने माझा हात धरला. “नाम्या, तू खरं लिहत होता रे. मैदानापलीकडं सारे वावरं दिसते. अन् धुरे, सब्बन वाकडे हाये! एक नाई सिधा. साऱ्यायनं सरकवले.”

आणि ती हसू लागली, कमरेत हात देऊन. मी तिला तेवढे हसताना पूर्वी पाहिले नव्हते.

तिसरा दिवस : परतीपूर्वी

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी अक्का म्हणाली, “चाल.”

अग्निबाणाच्या फलकावर ओल्या रंगाने नवी ओळ लिहिली होती: ‘पदर व काष्टा घट्ट खोचलेल्या महिलांना प्रवेश आहे.’ मला त्यात एक शब्द बदलावासा वाटला, पण राहू दिला. रांगेत लुगड्यातल्या बायका होत्या, कुठकुठल्या गावच्या, एकमेकींना ओढण्या, दुपट्टे, फडकी बांधून देत, शिव्या देत. व्यवस्थापकांच्या गळ्यात टाय नव्हता.

अक्काने मला रांगेत सरळ उभे केले. धोतराचे सोगे गोळा केले, मागे खोचले आणि स्वतःची ओटी माझ्या कमरेभोवती आवळली. माणसे पाहत होती. पुरुषाने वेचणीची ओटी बांधलेली आमच्याकडे कुणी पाहिली नसेल.

“हालू नको,” ती म्हणाली. शाळेच्या पहिल्या दिवशी माझी चड्डी सुतळीने बांधताना ती हेच म्हणाली होती, आणि गाठही हीच होती.

मोतीरामने मला पंख्यापुढे उभे केले. काहीही फडफडले नाही. मी वर गेलो.

अक्काचे विधान मी प्रत्यक्ष स्थळपाहणी करून पडताळले आहे. धुरे वाकडेच आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी.